शिल्लक मॉर्फिन

विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे कुलूप. काकांना दोन्ही ठाऊक होतं आणि मनातून दोन्ही आवडत होतं. "माणसाला कामावरून नाव पडलं की समजावं, काम नीट चाललंय," असं ते घरी सांगत. त्यावर त्यांची बायको म्हणे, "अहो, पण कुलूप म्हणतात, किल्ली नाही म्हणत. त्याचा काही अर्थ असेल की नाही?"

अर्थ होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला एक बिनखिडकीची अरुंद खोली होती. त्या खोलीत भिंतीला बोल्टांनी आवळलेलं एक पोलादी कपाट होतं आणि त्या कपाटाच्या पोटात आणखी एक छोटं कपाट. बाहेरच्या कपाटाची किल्ली काकांकडे, आतल्याची विभागाच्या सरांकडे. म्हणजे दोघं एकत्र आल्याशिवाय आतलं काही बाहेर निघू नये, अशी ती व्यवस्था. कागदावर फार सुंदर. पण सरांना किल्ल्या हरवायची सवय. चष्मा, छत्री, किल्ली, जे हातात येईल ते सर हरवत. शेवटी एक दिवस त्यांनी आपली किल्ली काकांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्याकडेच असू द्या. तुमच्यापेक्षा ते कपाटसुद्धा जास्त बोलकं आहे." तेव्हापासून दोन्ही किल्ल्या काकांच्या कमरेला. हे नियमात बसत नव्हतं; पण काकांच्या बाबतीत नियमालाही काळजीचं कारण नव्हतं.

आतल्या कपाटात मॉर्फिन असे, केटामाइन असे आणि त्याच जातीची, दुखणं मारणारी पण नशेसाठीही चोरली जाणारी, आणखी एक-दोन औषधं. सरांचं सगळं संशोधन दुखण्यावरचं. दुखणं मज्जातंतूतून कसं चढतं, मेंदूत कुठे बसतं आणि कशाने उतरतं, हे ते उंदरांवर तपासत. उंदरांवर शस्त्रक्रिया झाली की त्यांना दुखू नये म्हणून ठरलेल्या वेळी इंजेक्शन द्यायचं, हा कडक नियम. उंदीर कळवळला तर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती सरांना जाब विचारी. त्यामुळे सकाळी काका कुपी मोजून देत, संध्याकाळी उरलेली परत मोजून घेत, आणि कुपीच्या तळाशी राहिलेल्या दोन थेंबांचासुद्धा हिशेब मागत.

ते दोन थेंब बेसिनमध्ये ओतून चालत नाही. ते मारावे लागतात. एका प्लॅस्टिकच्या बरणीत पांढरी भुकटी असते. तिच्यात औषध ओतायचं, थोडं पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं. बघता बघता त्याचा घट्ट गोळा होतो आणि मग त्यातून कुणालाही काही परत काढता येत नाही. हे एकट्याने करायचं नसतं. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने बघायचं. बघणारा बहुधा एखादा संशोधक विद्यार्थी असे आणि त्याला कुठेतरी जायची घाई असे. काका त्याला सोडत नसत. "फोन खिशात. डोळे बरणीत," असं म्हणून ते ओतायला सुरुवात करत. पोरं मागून नकला करत, पण डोळे बरणीत ठेवत.

आता असली औषधं बाळगायच्या परवान्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा परवाना मोठा मानी प्रकार असतो. तो विद्यापीठाचा नसतो, विभागाचा नसतो, कपाटाचा तर नसतोच. तो एका माणसाच्या नावावर असतो. तो माणूस निवृत्त झाला की त्याच्या मागोमाग परवानाही निवृत्त होतो, आणि काल ज्या कुप्या औषध होत्या त्या आज गुन्हा ठरतात. कुप्या त्याच, कपाट तेच, किल्ल्याही त्याच.

काकांच्या घरात तीन माणसं. काका, त्यांची बायको आणि काकांची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा काका शाळेत होते आणि ताई जेमतेम शाळेतून बाहेर पडली होती. तिने पडदे शिवायच्या दुकानात काम धरलं. दिवसभर दुकानात शिवी, संध्याकाळी घरी आणून शिवी, आणि मशीनच्या खडखडाटातच भावाकडून पाढे म्हणून घेई. तिचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, तर कुणी विचारायला आलं की ती म्हणे, "आधी छोट्याचं शिक्षण होऊ दे." छोट्याचं शिक्षण झालं, छोट्याला नोकरी लागली, छोट्याचं लग्न झालं, आणि तोवर विचारणारे थांबले होते. छोट्या आता साठीला टेकला, डोक्यावरचे केस गेले, तरी ताईच्या तोंडी तो छोट्याच. काकांची बायको नवी नवी आली तेव्हा तिला या नावाचं फार हसू येई. पुढे तीसुद्धा भांडण झालं की म्हणायला लागली, "जा, तुमच्या ताईला विचारा, छोट्याने काय करावं ते."

ताई बोलण्यात फटकळ आणि हाताने उदार. कुणाचं वाईट चिंतणार नाही, पण कुणाला सोडणारही नाही. काकांच्या कुलुपावरून ती त्यांची यथेच्छ टर उडवी. "एवढासा होतास तेव्हा साधं दार लावायला विसरायचास. आणि आता म्हणे दोन-दोन कुलुपं!"

तिच्या पाठीत दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, इतकी वर्षं मशीनवर वाकून शिवलंय, दुखणारच. तिलाही तसंच वाटलं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की कर्करोग आहे, आणि तो दुसरीकडून हाडात येऊन बसलाय. विद्यापीठासमोरच्या रस्त्यापलीकडे एक लहानसं रुग्णालय होतं, तिथले डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. ते म्हणाले, बरं करण्यासारखं आता फारसं काही नाही. पण दुखू न देणं आपल्या हातात आहे, ते आपण करू. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, दुखणं वाढलं की ते इंजेक्शनही देत, आणि खरंच ताई पुन्हा माणसात आली. बिछान्यावर उशांना टेकून बसायला लागली, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागली. काकांची बायको तिला नात्याने भावजय, पण ताई तिला सूनच म्हणे.

नेमके त्याच दिवसांत सर निवृत्त होत होते. त्यांच्या जागी ज्या मॅडम येणार होत्या त्यांचं काम वनस्पतींच्या अर्कांवर होतं. त्या पहिल्याच भेटीत हसून म्हणाल्या, "काका, मला ते कपाट नकोच. त्याच्याकडे बघूनच माझी पाचावर धारण बसते. ते रिकामं करून टाका, मी तिथे झाडू ठेवीन." बोलायला मोकळ्या होत्या, मनानेही चांगल्या होत्या. परवाना पुढे चालवायचा नाही असं ठरलं. राहिला प्रश्न शिल्लक साठ्याचा. सरांनी शेवटच्या प्रयोगासाठी बरंच मॉर्फिन मागवून ठेवलं होतं आणि मग तो प्रयोग काही झाला नाही. नवीकोरी, सीलबंद खोकी, मुदत संपायला भरपूर अवधी.

परवाना बंद करताना साठ्याचं काय करणार, हे कळवायचा एक छापील अर्ज असतो. काकांनी तो ताईच्या खोलीत बसून भरला. ताई झोपली होती, तिच्या औषधाची वेळ गाठायची होती म्हणून ते ऑफिसचं काम घरी घेऊन आले होते. अर्जात शेवटी दोन चौकोन होते. एक हस्तांतरणाचा, एक नाशाचा. काकांनी आयुष्यभर दुसऱ्याच चौकोनात खूण केली होती; कारण त्यांच्याकडून जे जाई ते मुदत संपलेलं किंवा कुपीच्या तळचं असे, आणि ते मारण्याखेरीज गत्यंतरच नसे. हात सवयीने दुसऱ्या चौकोनाकडे गेला. पहिला चौकोन कशासाठी असतो, हे पाहायला त्यांचा डोळा तिथे थांबलासुद्धा नाही. काकांनी बोट ठेवलं तिथे मॅडमनी नव्या प्रमुख म्हणून सही केली. कुलूपकाकांनी भरलेला अर्ज पुन्हा वाचून पाहायचा, म्हणजे त्यांचा अपमानच की!

इथवर जे झालं त्याला चूक म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही.

मंजुरी यायला वेळ लागला. दरम्यान समोरच्या रुग्णालयातलं मॉर्फिन संपलं. पुरवठा करणाऱ्याकडून माल आला नाही, मग आला तो कमी आला, मग अजिबात आला नाही. गावातली दुकानं तर त्या औषधाच्या वाटेला जातच नव्हती. परवाना, तपासण्या, दुहेरी कुलुपं, एवढी उस्तवार कोण करणार? डॉक्टर दर खेपेला म्हणत, "पुढच्या आठवड्यात नक्की." तोवर त्यांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ताईला मळमळ तेवढी झाली. दुखणं मात्र होतं तिथेच राहिलं, उलट पाय पसरून बसलं.

एके दिवशी काका कामावरून आले तेव्हा ताई दोन्ही मुठींत चादर धरून बसली होती. त्यांना पाहून तिने मुठी सोडल्या.

"काय रे, तुमच्या उंदरांना दुखलं तर काय देता?" तिने विचारलं.

"मॉर्फिन," काका बोलून गेले.

"वेळेवर?"

"वेळेवर."

"मग तुमच्याकडे उंदरांची भरती चालू असेल तर माझं नाव घाल. दाताने कुरतडायचं काम मला जमेल."

स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, आणि हसताना पाठीतून कळ गेली तशी एकदम थांबली. काकाही हसले होते. त्या हसण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

तिने उघड विचारलं ते त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. बायको बाहेर गेली होती. काका ताईला सूप भरवत होते. दोन चमचे झाल्यावर तिने हाताने वाटी बाजूला केली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "छोट्या, तुझ्या त्या कपाटात आहे का रे ते?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे काकांना माहीत होतं. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं: आहे, पण ते संशोधनाचं असतं, माणसाला देता येत नाही, परवाना वेगळा असतो. सगळं खरं होतं. पण ते खरं बोलायचं म्हणजे तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून "आहे" असं म्हणायचं, आणि मग "पण" म्हणायचं. तो "पण" काही त्यांच्या तोंडून फुटेना.

"नाही गं ताई," ते म्हणाले. "सर गेले तेव्हाच संपलं सगळं."

"बरं," ताई म्हणाली आणि वाटी पुन्हा पुढे ओढली. "विचारून ठेवलं आपलं. असतं तर तू आणलंच असतंस."

तिने ते सहज म्हटलं. टोमणा असता तर काकांना सोसला असता. टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभाग जेवायला गेला असताना काका त्या बिनखिडकीच्या खोलीत गेले. बाहेरचं कुलूप उघडलं, आतलं उघडलं. एकट्याने. खोकी एकावर एक नीट रचलेली होती. त्यांनीच रचली होती. एक खोकं हातात घेऊन ते उभे राहिले. मॉर्फिन कसं घ्यायचं, त्याच्या जागी काय ठेवायचं, कुणाच्या लक्षात येईल आणि कुणाच्या नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर दुसरा कुणी चोरी कशी करील याचाच विचार केलेला माणूस. सगळ्या वाटा त्याच्या पायाखालच्या. आणि हा माल तर जायचाच होता, बरणीत ओतून गोळा व्हायचा होता. त्यांनी खोकं परत ठेवलं. दोन्ही कुलुपं लावली आणि सवयीप्रमाणे दोनदा ओढून पाहिली.

ते प्रामाणिक होते म्हणून खोकं परत ठेवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. काकांनाही तसं मानायला आवडलं असतं, आणि बसमध्ये बसल्यावर त्यांनी तसा प्रयत्नही करून पाहिला. पण माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की अर्ध्या वाटेत त्याचं त्यालाच हसू येतं. ते घाबरले होते. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या नावापुढे एक शेरा नव्हता. तो कोरेपणा त्यांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. ताईला कळा येत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर शेरा येत होता. हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. उतरायचा थांबा मागे गेला, तेही त्यांना समजलं नाही.

मंजुरी आली. नाशाच्या दिवशी औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले. पोट सुटलेले, बोलायला मोकळे, चहात दोनदा साखर घालून घेणारे गृहस्थ. बघायला मॅडम होत्या. त्यांना ताईचं आजारपण माहीत होतं, त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही घरी जायचं तर जा, हे आम्ही उरकतो." काका म्हणाले, नको, साठा ज्याच्या ताब्यात असतो त्यानेच फोडायचा असतो. मॅडमना ताई आजारी आहे हे ठाऊक होतं. तिला औषध मिळत नाही हे ठाऊक नव्हतं. काकांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं असतं.

टेबलावर कागद अंथरला, बरणी ठेवली, हातमोजे चढवले. कुपीची मान मोडली की बारीकसा आवाज होतो. एक कुपी मोडायची, बरणीत उपडी करायची, रिकामी काच डब्यात टाकायची. मॅडमचे डोळे बरणीत होते. त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. पहिलं खोकं संपलं. दुसरं उघडलं. बरणी घट्ट होत आली तशी काकांनी नवी घेतली.

"काय चोख काम आहे हो तुमचं," इन्स्पेक्टर म्हणाले. "आम्ही जातो तिथे निम्मा दिवस मोजदाद जुळवण्यात जातो. इथे आपलं बसायचं आणि चहा प्यायचा." मग खोक्यावरची मुदत वाचून त्यांनी चुकचुक केली. "चांगला माल होता मात्र. मुदतीतला, सीलबंद. समोरच्या रुग्णालयाला का नाही दिलात?"

काकांचा हात थांबला.

"तसं देता येतं?" मॅडमनी विचारलं.

"येतं म्हणजे? अर्जातच असतं की. हस्तांतरणाचा चौकोन. घेणाऱ्याकडे परवाना हवा, तो रुग्णालयाकडे असतोच. सील फुटलेलं नसलं की आम्ही मंजूर करतोच. हल्ली त्यांच्याकडे ओरड आहे म्हणतात या औषधाची. लोक विचारतच नाहीत हो. नाशावर खूण करतात आणि मोकळे होतात."

टेबलावर अजून न फोडलेली खोकी होती. ती मोजायचं कारण नव्हतं, काकांना आकडा पाठ होता. तेवढ्यात ताईचे उरलेले सगळे दिवस निघाले असते.

मॅडम म्हणाल्या, "मग उरलेलं आता थांबवता येईल का? रुग्णालयाला तेवढाच उपयोग."

"थांबवू या की," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी उरलेल्यावर सील मारतो, तुम्ही नवा अर्ज करा. कधी आठवड्यात होतं, कधी लांबतं. एवढंच, की आज मंजुरी सगळ्या साठ्याच्या नाशाची आहे. शिल्लक ठेवलं तर तोवर तो बिनपरवाना साठा झाला. एक नोटीस निघेल, आणि ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्या नावावर शेरा जाईल. नुसती औपचारिकता असते, पुढे कुणी बघत नाही. बोला काका, काय करू या?"

दोघंही काकांकडे बघत होते. मॅडमनी तर पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. काकांनी फक्त 'थांबवू या' एवढं म्हणायचं होतं. कुणाला फसवायचं नव्हतं, काही चोरायचं नव्हतं, भिंतीआड लपून काही करायचं नव्हतं. ताईचं नावसुद्धा घ्यायचं नव्हतं.

"कशाला उगाच," काका म्हणाले. "मंजुरी नाशाची आहे. उरकून टाकू."

आपला आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. पण तो त्यांचाच होता, रोजचा, बोळाच्या टोकाला पोरांना दटावणारा. इन्स्पेक्टर म्हणाले, "तेही बरंच," आणि त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. काकांनी पुढचं खोकं उघडलं. कुपी मोडली, ओतली. मोडली, ओतली. एकदा काच हातमोज्यातून बोटात घुसली. मॅडम "अहो!" म्हणून उठल्या. काकांनी बोट तसंच घट्ट दाबून धरलं आणि काम पुरं केलं. शेवटी इन्स्पेक्टरनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.

काका घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको स्वयंपाकघरात होती. तिने बोटाची पट्टी पाहून विचारलं, "हे काय?" काका म्हणाले, "काच." आणि तडक ताईच्या खोलीत गेले. वाटेत त्यांनी ठरवलं होतं की सांगायचं. हे पोटात ठेवून तिच्यासमोर बसणं आता होणार नव्हतं. सांगितलं की ती चिडेल, चार शिव्या देईल, देऊ दे. मनाच्या अगदी तळाशी त्यांना आणखी एक आशा होती, आणि ती असल्याची त्यांना लाजही वाटत होती: ती म्हणेल, जाऊ दे रे छोट्या, नोकरी सांभाळलीस ते बरं केलंस. आजवर ती तसंच म्हणत आली होती.

ताई कुशीवर होती. त्यांची चाहूल लागताच तिने चेहरा सारखा केला. "आलास? दमलेला दिसतोस."

काका स्टुलावर बसले. "ताई, त्या दिवशी तू विचारलंस ना, कपाटात आहे का म्हणून. मी नाही म्हणालो."

"हं."

"होतं."

काका बोलत राहिले. एकदा बांध फुटल्यावर त्यांना थांबता येईना. खोकी, मुदत, तो अर्ज, ते दोन चौकोन, इन्स्पेक्टर काय म्हणाले, मॅडम काय म्हणाल्या, आणि आपण काय म्हणालो. शेऱ्याचंही सांगितलं. काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांना क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचाही त्यांना राग आला.

"मग ते कुणाला मिळालं?" ताईने विचारलं.

"कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"ओतून टाकलं. आज दुपारी. मीच ओतलं."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी परीक्षेत नापास होऊन आले तेव्हासुद्धा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. तिच्या नजरेत राग असता तर काकांनी तो ओळखला असता. ती त्यांना नुसती निरखत होती, हा माणूस कोण आहे ते बघावं तशी. "जाऊ दे रे" ती म्हणाली नाही. ते आता कधीच येणार नाही, हे काकांना कळलं, आणि आपण त्याच्यासाठीच इथे येऊन बसलो होतो हेही कळलं.

"माझं चुकलं, ताई," ते म्हणाले. "मी घाबरलो."

"ते दिसलं," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि खालचा ओठ दातांखाली गेला होता. कळ आली होती. ती जाईपर्यंत तिने डोळे मिटून घेतले, मग उघडले. "छोट्या, ऐक. मी इतके दिवस तुझ्यासमोर ओरडले नाही. तू कामावर गेलास की ओरडून घ्यायची, सुनेला विचार हवं तर. तू आलास की गप्प. म्हटलं, त्याच्या हातात काही नाही, त्याचा जीव कशाला खायचा."

काकांनी मान खाली घातली.

"आता मला ते होणार नाही," ताई म्हणाली. "आता मी ओरडणार आहे. तुला बाहेर जायचं तर जा, बसायचं तर बस."

काका उठले. दारापर्यंत गेले. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली होती आणि त्यांच्याकडे बघत उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. काकांनी दार लोटून घेतलं, परत आले आणि स्टूल बिछान्याजवळ ओढून बसले.

ताईने डोळे मिटले आणि ती ओरडायला लागली.